ड्रेडलॉक्स आणि जटा : केस एकाचे, वस्तरा दुसऱ्याच्या हातात

कुरळेकेस (धागाकर्ती)

ड्रेडलॉक्सचा विषय निघाला की हमखास एकच वाद होतो, हे मूळचं कुणाचं? कुणी म्हणतं जमैकाचं, कुणी आफ्रिकेचं, कुणी म्हणतं आपल्या शंकराचं. मी बरेच दिवस याबद्दल मिळेल ते वाचतेय आणि मला वाटतं की या प्रश्नाने आपण फार पुढे जात नाही. केस विंचरायचे सोडले की कुणाच्याही डोक्यात आज ना उद्या जट धरतेच. रोज साधारण ५० ते १०० केस गळतात, ते एरवी कंगव्यात निघून येतात, कंगवाच नसेल तर ते बाजूच्या केसांत अडकून राहतात, केसाच्या सालीवरचे बारीक खवले एकमेकांत गुंततात आणि हळूहळू त्याची दोरी वळली जाते. कुरळ्या केसांत हे पटकन होतं, सरळ केसांत वेळ लागतो. त्यामुळे जगात अनेक ठिकाणी अनेक लोकांनी स्वतंत्रपणे जटा ठेवल्या यात नवल काहीच नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो वेगळा प्रश्न. या जटा कुणी स्वतःहून ठेवल्या, कुणावर लादल्या आणि कुणाच्या जबरदस्तीने कापल्या? जटांचा इतिहास वाचताना दर दोन पानांनी वस्तरा येतो.

आपल्याकडचंच बघा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात केशीसूक्त आहे, १३६वं, त्यात लांब केसांचा, वारा नेसलेला मुनी येतो, यज्ञ करणाऱ्या गृहस्थांपेक्षा एकदम निराळा माणूस. वाल्मीकी रामायणात तर जटा कशी बनवायची तेही सांगितलंय. गंगेच्या काठी राम गुहाला वडाचा चीक आणायला सांगतो आणि त्या चिकाने स्वतःच्या आणि लक्ष्मणाच्या केसांच्या जटा वळतो. मला हा प्रसंग फार आवडतो. राजपुत्राची वनवासी होण्याची वेळ आहे आणि ते होणं केसांत दिसतं, आणि तो ते स्वतःच्या हाताने करतो. तिकडे भरतही नंदिग्रामात जटा वाढवून राहतो.

उलटा प्रसंग बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. उरुवेल कस्सप, नदी कस्सप आणि गया कस्सप हे तीन भाऊ, तिघेही जटिल म्हणजे जटाधारी अग्निपूजक, त्यांचे शिष्य अनुक्रमे ५००, ३०० आणि २००. थोरला बुद्धाचा अनुयायी होतो, शिष्यांसकट जटा कापून नेरंजरा नदीत सोडतो, आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या भावाला पाण्यावरून केस वाहत येताना दिसतात तेव्हा त्याला वाटतं की दादाचं काही बरंवाईट झालं. तो धावत येतो. म्हणजे जटा ठेवणं हे जसं व्रत तसं त्या उतरवणं हेही व्रतच, पण दोन्ही ठिकाणी निर्णय ज्याचं डोकं त्याचा.

आता जमैका. १९३० साली, २ नोव्हेंबरला, अदिस अबाबात रास तफारी माकोनेनचा इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी म्हणून राज्याभिषेक झाला आणि जमैकातल्या गरीब काळ्या लोकांत काही उपदेशक सांगू लागले की हाच आपला मसीहा. रास तफारी या नावावरूनच या लोकांना रास्ताफारी, थोडक्यात रास्ता म्हणतात. लिओनार्ड हॉवेल त्यातला सगळ्यात मोठा. १९३४ मधे त्याला राजद्रोहासाठी तुरुंगात टाकलं, १९४० मधे त्याने पिनॅकल नावाची वसाहत उभी केली, १९४१ मधे पोलिसांनी तिथे धाड घातली आणि १९५४ मधे ती पार मोडून टाकली. पण लक्षात घ्या, पहिल्या पिढीतल्या या पुढाऱ्यांच्या डोक्यावर जटा नव्हत्या! दाढी होती. जटा आल्या १९४९ नंतर, किंग्स्टनमधे यूथ ब्लॅक फेथ नावाचा तरुणांचा गट झाला त्यांच्यापासून. या पोरांना जुन्या लोकांचं गुळमुळीत वागणं पटत नव्हतं, त्यांना समाजापासून सरळ तुटल्यासारखं दिसायचं होतं. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नाझीर व्रत आहे, व्रत असेपर्यंत डोक्याला वस्तरा लावायचा नाही, त्याचा आधार त्यांनी घेतला. सॅमसनची गोष्टही त्याच व्रताची आहे, त्याच्या सात बटा कापल्या आणि ताकद गेली. मग रास्तांमधे काही काळ दोन घरं पडली, जटावाले आणि कंगवेवाले, आणि १९६० च्या दशकापर्यंत कंगवेवाले जवळजवळ संपले.

आणि याची किंमत काय मोजली ते वाचून मी हादरले होते. एप्रिल १९६३ मधे मॉन्टेगो बेजवळ कोरल गार्डन्सला एका पेट्रोल पंपावर काही रास्ता लोकांनी हल्ला केला, त्यात आणि नंतरच्या झटापटीत दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्यानंतर सरकारने बेटावरच्या सगळ्याच रास्तांना धरायला सुरुवात केली, ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्यांनाही, मारहाण केली आणि त्यांच्या जटा जबरदस्तीने कापल्या. तो गुड फ्रायडेचा आठवडा होता, रास्ता लोक त्याला बॅड फ्रायडे म्हणतात. पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली ती २०१७ साली, ५४ वर्षांनी. विचार करा, त्या दरम्यान याच देशाने रास्ता गायक बॉब मार्लीचा चेहरा पोस्टरवर छापून जगभरच्या पर्यटकांना बोलावलं.

तुम्हाला याबद्दल काय वाटतं आणि काय माहितीये ते लिहा.

रानवाट

मस्त धागा. पण भारताचा धागा इतका सहज सोडू नका हो. पहिलं जहाज ब्लंडेल १८४५ च्या मे महिन्यात भारतीय मजूर घेऊन जमैकाला पोचलं, ते करार १९१७ पर्यंत चालले, उसाच्या मळ्यात आपले लोक आणि आफ्रिकन वंशाचे लोक शेजारी शेजारी राबले. रास्ता लोक ज्याला पवित्र मानतात त्या झाडाला गांजाच म्हणतात, ओढायच्या नळीला चिलीमच्या जवळचा शब्द आहे, आणि हॉवेलने स्वतः जे टोपणनाव घेतलं होतं ते गंगुंगुरू मराग! शाकाहार, अंगाला राख फासणारे साधू, जटा, एवढं सगळं योगायोगाने कसं जुळेल?

कुरळेकेस (धागाकर्ती)

@रानवाट, गांजाचं आणि नावाचं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, भारतीय मजुरांचा ठसा तिथे नक्की उमटलाय. पण जटांच्या बाबतीत अभ्यासकांत एकमत नाही, कारण जटा ज्यांनी आणल्या ती १९४९ नंतरची शहरातली पोरं, आणि त्यांनी स्वतः आधार दिला तो बायबलचा आणि आफ्रिकेचा. मधे १९५२ पासून केनियात माउ माउचा लढा पेटला, ब्रिटिशांविरुद्ध जंगलात लपून लढणारे किकुयू लोक, त्यांच्या केसांच्या जटा झालेल्या, आणि त्यांचे फोटो जगभर छापून येत होते. त्यांचा पुढारी देदान किमाथी याला १९५६ च्या ऑक्टोबरमधे पकडलं तेव्हाचा फोटो शोधून बघा, हातात बेड्या, आडवा पडलेला, आणि डोक्यावर जटा. १८ फेब्रुवारी १९५७ ला त्याला फाशी दिलं. इंग्रजांनी तो फोटो दहशतवादी कसा दिसतो हे दाखवायला काढला आणि काळ्या लोकांनी तो अभिमानाने भिंतीवर लावला.

त्याच लढ्यातल्या मुथोनी वा किरिमा, बायकांमधल्या फील्ड मार्शल, त्यांनी जंगलात वाढलेल्या जटा स्वातंत्र्यानंतरही कापल्या नाहीत. ज्यासाठी लढलो ते हाती आलेलं नाही असं त्यांचं म्हणणं. २०२२ मधे, नव्वदीच्या घरात असताना, त्यांनी त्या कापून घेतल्या, आणि कापल्या कुणी तर केनियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मामा न्गिना केन्याटा यांनी. पुढच्या वर्षी किरिमा गेल्या. इतकी वर्षं केसांत तक्रार बाळगणारी बाई मला दुसरी माहीत नाही.

गावशीव

हे सगळं वाचताना छान वाटतंय पण मला राहवत नाही म्हणून लिहितो. आमच्या आत्याला जट होती. बाळंतपणानंतर ती आजारी पडली, अंथरुणातून उठवत नव्हतं, डोकं विंचरायचं राहिलं आणि मानेजवळ गुंता झाला, तो सोडवायला कुणीतरी बसलं असतं तर तासाभराचं काम होतं पण गल्लीतल्या एका म्हातारीने सांगितलं की ही यल्लम्माची जट आहे, हात लावाल तर घरादाराचं वाटोळं होईल, झालं, त्या दिवसापासून त्या गुंत्याला हळदकुंकू सुरू. मंगळवारी आणि शुक्रवारी पूजा, साबण नाही, तेल नाही, कंगवा नाही. ती वाढत वाढत कमरेपर्यंत आली. आत्या झोपताना आधी जट उचलून उशीच्या वरच्या अंगाला ठेवायची आणि मग डोकं टेकायची, कारण जट खाली सरकली की कातडी ओढली जाऊन ती कळवळून उठायची. पावसाळ्यात ती वाळायचीच नाही, वास यायचा, मग लग्नकार्यात आत्या आपणहून मागच्या दाराशी बसायची. नवऱ्याने हळूहळू तिच्याशी बोलणंच टाकलं, देवीची बाई म्हणून.

पुढे अंनिसच्या कार्यकर्त्या आल्या, एकदा नाही, बऱ्याचदा आल्या, नुसत्या चहा पिऊन गप्पा मारून जायच्या. शेवटी आत्याच म्हणाली काढा. कात्री चालेना इतकी घट्ट होती, थोडी थोडी कातरत मुळापर्यंत गेल्या, खाली कातडीवर फोड आलेले, उवा. आत्याची एकच अट होती, जट उकिरड्यावर टाकायची नाही, नदीत सोडायची. त्यांनी एका शब्दाने वाद न घालता ते मान्य केलं. नंतर आत्या कितीतरी वेळ मान डावीकडे उजवीकडे वळवून बघत होती. म्हणून मला जटा म्हटल्यावर फॅशन किंवा बंड आठवत नाही, मला ती उशी आठवते.

पाटीपेन्सिल

@गावशीव, वाचून पोटात कालवलं. आणि आत्या तरी सुटल्या, पूर्वी लहान मुलीच्या केसात असा गुंता दिसला की देवीचं बोलावणं आलं म्हणून तिला थेट सोडायचे, जोगतीण करायचे, गळ्यात मोती बांधायचे. गरीब आणि दलित घरातल्या मुली बहुतेक. १९३४ चा मुंबई प्रांताचा देवदासी कायदा, १९८२ चा कर्नाटकचा, नंतर महाराष्ट्राचा, एवढे कायदे करावे लागले. गुंत्याचा अर्थ कुणी लावायचा हे त्या मुलीला कधी विचारलंच नाही.

उत्तररात्र

मला एक विसंगती वाटतेय, रागवू नका. जमैकात पोलिसांनी जटा कापल्या तर तो अत्याचार आणि इथे कार्यकर्त्यांनी कापल्या तर ती सुधारणा? श्रद्धा दोन्हीकडे आहे. रास्ताची श्रद्धा आदरणीय आणि आपल्या गावातल्या बाईची अंधश्रद्धा, हा न्याय कुठला?

कुरळेकेस (धागाकर्ती)

@उत्तररात्र, रागवायचं काय, हाच प्रश्न मला धाग्यात हवा होता. माझं उत्तर असं आहे की श्रद्धा कुठली हे मी मोजतच नाहीये. किंग्स्टनच्या पोराने नोकरी जाईल, मार बसेल हे माहीत असून केस वाढवले, त्याला नको झालं असतं तर तो सकाळी उठून कापू शकत होता. गावशीवच्या आत्याला ती मोकळीक नव्हती, तिच्या डोक्यावर भीती ठेवलेली होती. आणि अंनिसच्या बायका कात्री घेऊन घुसल्या नाहीत, त्या येत राहिल्या, आत्या काढा म्हणाली तेव्हाच काढली, नदीत सोडायची अटही पाळली. पोलीस चौकीत खाली दाबून धरून कापणं आणि हे एका मापात कसं बसेल? उद्या एखादी बाई सगळं समजून उमजून म्हणाली की मला माझी जट ठेवायचीये, तर मी तिच्याही बाजूने उभी राहीन, फक्त ते तिचं म्हणणं आहे, गल्लीतल्या म्हातारीचं नाही, एवढी खात्री झाली पाहिजे.

उत्तररात्र

म्हातारीही घाबरलेलीच असते हो. तिलाही कुणीतरी सांगितलेलं असतं. पण मुद्दा पटला.

सावली_त्वचा

त्वचारोगाची प्रॅक्टिस करते म्हणून थोडं वैद्यकीय. अशी आपोआप झालेली घट्ट जट हा पुस्तकात नोंदवलेला प्रकार आहे, लांब आजारपण, न विंचरणं, उवा, चिकट काहीतरी लावणं, मानसिक आजार अशी कारणं असतात. तिचं जुनं नाव मात्र पोलंडवरून पडलंय, प्लायका पोलोनिका, आणि तिथली गोष्ट ऐकलीत तर थक्क व्हाल. पोलंडमधल्या खेड्यांत लोकांचा ठाम समज होता की जट म्हणजे शरीरातला रोग बाहेर पडतोय, ती कापली तर माणूस आंधळा होईल नाहीतर वेडा. लोक मुद्दाम जट वाढवायचे, सांभाळायचे. एकोणिसाव्या शतकात क्राकोचे डॉक्टर युझेफ डीट्ल यांनी गावोगाव जट असलेल्यांची मोजणी करायला घेतली, तेव्हा अफवा उठली की जटेवर कर बसणार आहे, आणि म्हणतात की त्या अफवेनेही बऱ्याच जटा गायब झाल्या. हेच डीट्ल पुढे १८६६ मधे शहराचे महापौर झाले. सांगायचं कारण, गावशीवच्या गल्लीतली म्हातारी आणि पोलंडच्या खेड्यातली म्हातारी अगदी एकच वाक्य बोलत होत्या, देव वेगळे, देश वेगळे.

आणि हो, जपून बांधलेले ड्रेडलॉक्स आणि ही जट यात फरक आहे. पहिल्यात केसांचे भाग पाडलेले असतात, मधली कातडी मोकळी असते, धुता येते. दुसऱ्यात सगळा एकच लगदा असतो आणि खालच्या कातडीला पाणीच पोचत नाही.

मिडफिल्डर

माझ्यासाठी ड्रेडलॉक्स म्हणजे रुड गुलिट. १९८८ चा युरो कप नेदरलँड्सने जिंकला तेव्हाचा कॅप्टन, धावताना त्या जटा मागे उडायच्या. आधीच्या वर्षी त्याला सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर पुरस्कार मिळाला तो त्याने नेल्सन मंडेलांना अर्पण केला, मंडेला तेव्हा तुरुंगात होते. नंतर आपल्या पोरांनी ख्रिस गेल बघितला. खेळाडूंच्या डोक्यावर चालतं तेच ऑफिसातल्या माणसाच्या डोक्यावर का चालत नाही हे कोडं मला सुटलेलं नाही.

पाटीपेन्सिल

@मिडफिल्डर, तेच तर. अमेरिकेत अलाबामातल्या मोबील शहरात २०१० मधे एका काळ्या तरुणीला कॉल सेंटरची नोकरी देऊ केली आणि मग ड्रेडलॉक्स काप नाहीतर नोकरी नाही म्हणून सांगितलं. ती नाही म्हणाली. खटला वरच्या कोर्टात गेला आणि २०१६ मधे अपील कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण काय तर केशरचना बदलता येते, वंश बदलता येत नाही, म्हणून हा वंशभेद नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१९ मधे क्राउन ॲक्ट आणला, नोकरीत आणि शाळेत नैसर्गिक केसांवरून, जटा आणि वेण्यांवरून भेदभाव करायचा नाही, मग एकेक राज्य मागे आलं. अमेरिकन लष्कराने बायकांना ड्रेडलॉक्सची परवानगी दिली ती २०१७ मधे.

आफ्रिकेतही सरळ नाहीये. घानात अचिमोटा नावाच्या नामांकित शाळेने २०२१ मधे दोन रास्ता मुलांना जटांमुळे प्रवेश नाकारला, हायकोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. मलावीत २०२३ मधे हायकोर्टाने सरकारी शाळांना सांगितलं की रास्ता मुलांना घ्या. आणि खुद्द जमैकात एका प्राथमिक शाळेने पाच वर्षांच्या मुलीला केस कापून ये म्हणून सांगितलं होतं, २०२० मधे तिथलं सुप्रीम कोर्ट शाळेच्या बाजूने गेलं. जमैकात! कारण दिलं स्वच्छतेचं.

रानवाट

आफ्रिका म्हटलं की सगळं एकाच पिशवीत घालतो आपण. सेनेगलमधे बाये फाल आहेत, शेख इब्रा फाल यांचे अनुयायी, मुसलमान आहेत, ठिगळांचे रंगीत कपडे आणि जटा. नायजेरियात योरुबा लोकांत जन्मतःच गुंतलेल्या केसांचं मूल झालं तर त्याला दादा म्हणतात, त्याचे केस असे सहज कापत नाहीत. नामिबियातल्या हिंबा बायका लोणी आणि लाल मातीचा लेप केसांना देतात. यातल्या कुणालाही मार्ली माहीत असायची गरज नव्हती. माझा भारताचा हट्ट मी थोडा सैल करतो.

मातीची_चूल

पहिल्यांदाच लिहितेय. मी ड्रेडलॉक्स ठेवलेत, आणि सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते हेच, धुतेस का गं? धुते, आठवड्यातून एकदा, आणि धुणं सोपं आहे, कठीण आहे ते वाळवणं. बाहेरून कोरडे वाटतात पण आत गाभ्यात ओल राहते आणि तीच कुजते, म्हणून सकाळीच धुवायचे, रात्री ओले घेऊन कधी झोपायचं नाही. कंडिशनर आणि मेण लावायचं नाही, आत थर बसतो तो निघत नाही. मुळाशी नवीन केस वाढले की तळव्यात धरून वळायचे पण फार ओढून नाही, कपाळाजवळचे केस कायमचे जातात त्याने.

हा धागा वाचेपर्यंत मला कोरल गार्डन्स माहीत नव्हतं. मी हे केस आवडले म्हणून ठेवले आणि नकोसे वाटले तर काढीन, ते ठरवायला मला कुणाला विचारावं लागत नाही. गावशीव, तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा. आणि तुमच्याकडे त्या कार्यकर्त्यांचा संपर्क असेल तर मला कळवाल का, आमच्या कामाच्या मावशींच्या सुनेला जट आहे, ती माझे केस बघून मला विचारत होती की ताई, तुमची देवी कुठली. तिला मी माझ्या केसांना कात्री लावून दाखवू शकते, एक जट कापून तिच्या हातात देऊ शकते, पण तिच्या डोक्याला हात लावायच्या आधी तिच्याशी बोलायला कुणीतरी अनुभवी हवंय.

गावशीव

@मातीची_चूल, कळवतो. घाई मात्र करू नका, आमच्याकडे पहिल्या कितीतरी भेटींत कात्रीचा विषयही काढला नव्हता. आणि सुनेच्या सासूलाही सोबत बसवा, नाहीतर ती हो म्हणेल आणि घरी गेल्यावर तिचेच हाल होतील.